बेबाकीचा दाखला

मुलाखतीला जाताना तिनं कागदपत्रं नीट लावून नेली होती. दंतवैद्यकाची पदवी, गुणपत्रिका, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. क्लिनिकच्या मालकांनी, ज्यांना सगळे नुसतंच सर म्हणत, त्यातल्या एकाही कागदाला हात लावला नाही. खुर्चीत मागे रेलून, चष्म्याची काडी दातांत धरून त्यांनी विचारलं, "शिक्षणाचं कर्ज आहे?"

"आहे, सर."

"फिटायला किती वर्षं?"

तिनं सांगितलं. काट्यावर मनासारखं वजन भरलेलं दिसावं तसा सरांचा चेहरा खुलला.

"उद्यापासून या," ते म्हणाले.

तिला वाटलं, माणूस कनवाळू दिसतो. गरजूंना आधी घेतो. हा गैरसमज पहिल्या पगारापर्यंतसुद्धा टिकला नाही.

सरांना तिनं त्याआधी एकदा पाहिलं होतं, तेही स्टेजवर. तिच्या कॉलेजात दर वर्षी एक परिसंवाद व्हायचा: 'शिक्षणासाठी कर्ज: ओझं की पंख?' परिसंवाद म्हणायचं एवढंच, कारण बोलणारे तिघेही पंखवाले. एक बँकेचे साहेब, एक प्राचार्य आणि तिसरे सर. बँकेचे साहेब आकडे सांगत, प्राचार्य स्वप्नांबद्दल बोलत आणि सर शिस्तीबद्दल. "कर्ज माणसाला सकाळी वेळेवर उठवतं," असं ते म्हणाले, तेव्हा सभागृह हसलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पंखच असतील तर दर महिन्याला उपटून का नेता?" त्यावरही सभागृह हसलं. त्या पोराला बाहेर काढलं आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंसुद्धा वाजवल्या. फी भरून झाली होती, टाळ्या वाजवायला वेगळे पैसे पडत नव्हते.

क्लिनिकमध्ये तिच्याआधी एक बाई डॉक्टर होत्या, म्हणून त्या थोरल्या मॅडम आणि ही धाकट्या मॅडम. थोरल्या मॅडम पन्नाशीच्या अलीकडच्या, बोलायला तिखट, हाताला मऊ. शिकायला त्या उशिरा गेल्या, म्हणून कर्जही उशिरा झालं. पहिल्याच आठवड्यात चहाचा कप तिच्या हातात देत त्यांनी इथलं सगळं शास्त्र समजावून सांगितलं.

"इथं बिनकर्जाचा माणूस टिकत नाही, धाकटे. तुझ्या जागी आधी एकजण होता. त्याचं कर्ज सासऱ्यानं फेडलं. पुढच्याच महिन्यात सरांना दिसायला लागलं की तो पेशंटशी उर्मटपणे बोलतो."

"बोलायचा का?"

"छे. त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सर म्हणतात, कर्जवाला रजा मागत नाही, पगारवाढ मागत नाही आणि मुख्य म्हणजे शंका काढत नाही."

"आणि तुमचं किती राहिलंय?"

"माझं?" थोरल्या मॅडमनी कप धुवायला घेतला. "माझं माझ्याबरोबरच जाईल बहुतेक."

काम असं चालायचं. माणूस एक दात दुखतो म्हणून यायचा. त्याचा एक्स-रे भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावायचा. दिवाणखान्याच्या खिडकीएवढा झालेला स्वतःचा जबडा बघून धीराचा माणूसही खुर्चीचे हात घट्ट धरतो. मग दुखऱ्या दाताभोवती लाल गोल काढायचा आणि शेजारच्या न दुखणाऱ्या दाताभोवतीही काढायचा. तो म्हणायचा, हा तर दुखत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर होतं: "आत्ता दुखत नाही." यातला 'आत्ता' किंचित लांबवायचा. तो कसा लांबवायचा, हे सरांनी तिला स्वतः शिकवलं होतं. पाच वर्षांच्या कॉलेजात कुणी इतक्या तळमळीनं काही शिकवलं नव्हतं.

मग कॅप. कॅप बसवायची म्हणजे आधी दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचा. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते, दाताचं कवच मात्र एकदा गेलं की गेलं. शरीराकडे ते पुन्हा बनवायची सोय नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून गेलेल्या असतात. परीक्षेत यावर तिला पैकीच्या पैकी गुण होते. तेच ज्ञान हाताशी घेऊन ती रोज धडधाकट दाढा घासत होती.

सुरुवातीला ती दाढेत काहीतरी शोधायची. एखादी केसासारखी रेघ, एखादी खोलगट खाच. सापडलं की बरं वाटायचं. पुढे शोधणंही थांबलं. ते कधी थांबलं, हे तिला कळलं तेव्हा ती हात धूत होती आणि पुढचा पेशंट आत येऊन बसला होता.

एक वाक्य त्या क्लिनिकमध्ये कधीच ऐकू येत नसे. 'काही झालेलं नाही, घरी जा.' कॉलेजच्या दवाखान्यात ती ते दिवसातून किती वेळा म्हणायची. इथं हप्त्याची तारीख जवळ आली की ते वाक्य आपलं आपणच मागं सरायचं.

सरांच्या स्वतःच्या तोंडाला मात्र इथं कुणाचा हात लागलेला नव्हता. त्यांचे दात बघायचा त्यांचा एक वर्गमित्र, दुसऱ्या गावातला. त्याची खुर्ची जुनी होती आणि भिंतीवर स्क्रीन नव्हता. सर वर्षातून एकदा गाडी काढून तिकडे जायचे. "चार तास गाडी चालवतील, पण आपल्यासमोर तोंड उघडणार नाहीत," थोरल्या मॅडम म्हणायच्या. "यातच काय ते समज."

तिच्या बाबांचं चौकटींचं दुकान होतं. फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं, जे येईल त्याला ते काच आणि पट्टी लावून द्यायचे. दुकान एवढंसं, पण नाव होतं. गावातल्या निम्म्या पदव्या त्यांच्या हातून भिंतीवर चढल्या होत्या, आणि त्यांचं पदव्यांबद्दलचं मत पाठीमागच्या पुठ्ठ्यासारखं जाड होतं. "पुढून पदवी दिसते," ते म्हणायचे, "मागे कर्ज असतं. खिळा दोघांचं वजन धरतो."

तिला प्रवेश मिळाला तेव्हा घरात मोठं भांडण झालं होतं. आई म्हणाली, कर्ज काढू. मामा जामीन राहायला तयार होता आणि जामीन राहणारा माणूस जितका बोलतो तितका बोलतही होता.

"भावोजी, अहो जग कर्जावर चालतं."

"चालू दे की. माझं दुकान रोखीवर चालतं."

"म्हणूनच ते एवढंसं राहिलं."

बाबांकडे तिची फी नव्हती, आणि ज्याच्याकडे फी नसते त्याच्या तत्त्वांना घरात कुणी विचारत नाही. त्यांनी सही केली. बँकेतून बाहेर पडल्यावर ते तिला एवढंच म्हणाले, "ठमे, तुझी पदवी मी लावीन. पण साधी पट्टी लावीन. उधारीच्या मालाला सोनेरी नाही."

त्यांनी शब्द पाळला. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या पदव्या टांगलेल्या होत्या. त्यांत तिची तेवढी काळ्या साध्या पट्टीत, शाळकरी मुलीसारखी उभी होती.

मग एक दिवस जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "फिटलं."

"काय फिटलं?"

"तुझं कर्ज. सगळं. काल बँकेत जाऊन आलो."

एवढे पैसे कुठून आले असतील, हे तिला लगेच कळलं. गावाबाहेर एक मोकळी जागा होती. बाबांची आणि काकांची सामाईक. त्या जागेवरून दोघा भावांनी, धाकटी शाळेत असल्यापासून, अबोला धरला होता. त्या जागेत गवत आणि त्या दोघांचा राग यांखेरीज काही उगवलं नव्हतं.

"काकांशी बोललात?" तिनं विचारलं.

"मीच आधी बोललो." हे वाक्य बाबांनी वाटीतल्या वाटीत म्हटलं. "तो म्हातारा झालाय गं. पार म्हातारा. विकू म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. दोघंही दुसऱ्यानं विचारायची वाट बघत बसलो होतो, दोन गाढवं."

आई डोळे पुसत हसत होती. धाकटीच्या डोळ्यांसमोर मात्र आधी नोकरी आली. पदवी आली तेव्हा मिळालेली ही एकच जागा होती, आणि गावातल्या बाकी क्लिनिकांचे मालक सरांच्याच पंगतीला बसणारे होते.

"बाबा, हे क्लिनिकमध्ये कुणाला कळता कामा नये."

"का गं? चोरी केलीय?"

का ते सांगायचं तर तिथं ती दिवसभर काय करते तेही सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, "लोक जळतात, बाबा."

बाबांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. मुलीचा विनय त्यांना फार आवडला. एवढा विनय मात्र जगात चालत नाही, असंही त्यांच्या मनात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून दुकानात ते काहीतरी झाकून ठेवून करत होते.

सर परिसंवादाला गेले होते, त्या सकाळची गोष्ट. धाकटी आत एका बाईंचे दात साफ करत होती. बाहेरून ठोकल्याचा आवाज आला. पेशंटनं दचकून तोंड मिटलं. "ड्रिल नाही, घाबरू नका," ती म्हणाली आणि बाहेर आली.

बूट काढून ठेवून बाबा पेशंटांच्या बाकावर उभे होते. एका हातात हातोडी, ओठांत दोन खिळे. काउंटरवरच्या बाई त्यांना हौसेनं सांगत होत्या, "अजून जरा उजवीकडे, काका." तिच्या काळ्या पट्टीतल्या पदवीशेजारी एक झगझगीत सोनेरी चौकट चढली होती, पदवीपेक्षा हातभर रुंद. आत बँकेचं पत्र. वर ठळक अक्षरांत 'बेबाकीचा दाखला' आणि खाली, अमुक खातेदार यांनी शैक्षणिक कर्जाची पूर्ण परतफेड केली असून त्यांच्याकडे या बँकेचे काहीही येणे नाही.

बाबांनी ओठांतले खिळे काढले. "आता सोनेरी लावली," ते म्हणाले. "आता माल आपला आहे."

थोरल्या मॅडम दुसऱ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा प्लास्टरच्या साच्यासारखा पांढरा पडला होता. "काढ ते," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ."

"का हो?" बाबा बाकावरून वाकून बघू लागले. "वाकडं लागलंय का?"

धाकटीनं बाकावर अनवाणी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. "नाही बाबा," ती म्हणाली. "अगदी सरळ लागलंय."

बाबा गेले आणि बाहेरच्या बाकावरची मंडळी वाचू लागली. दवाखान्यात ताटकळणारा माणूस काहीही वाचतो, अग्निशामक नळकांड्यावरची तारीखसुद्धा. एरवी त्या भिंतीवरचं इंग्रजी कुणाला कळत नसे. हे सगळ्यांना कळलं.

"म्हणजे ह्या बाईंवर कर्ज नाही?" एका जाडजूड बसचालकानं विचारलं.

"लिहिलंय तरी तसंच," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्यांवर?"

"बाकीच्यांचं लिहिलेलं नाही."

"हं," बसचालक म्हणाला. त्याच्याबरोबर आणखी तिघेजणही 'हं' म्हणाले.

त्याची वेळ धाकटीकडेच होती. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला त्या दिवशी कॅपची तयारी करायची होती. मागच्या खेपेला लाल गोल तिनंच काढला होता. तो खुर्चीत पसरला आणि आपणहून बोलू लागला. "आमचा मेव्हणा असाच कर्ज काढून डॉक्टर झाला. पहिल्या वर्षात त्यानं घरातल्या सगळ्यांचं काही ना काही कापून काढलं. माझं अपेंडिक्स, बायकोचं अपेंडिक्स. सासऱ्याचं आधीच काढलेलं होतं, म्हणून म्हातारा वाचला." तो स्वतःच खो खो हसला आणि मग त्यानं तोंड उघडलं. "बघा आता. आता खरं काय ते सांगा."

भुलीचं इंजेक्शन तिच्या हातात तयार होतं. तिनं ते ट्रेमध्ये ठेवलं. आरसा घेतला. दाढेवर हलकेच टकटक केली, गार कापूस लावून पाहिला, हिरडीच्या कडेनं सळई फिरवली. दाढ ठणठणीत होती. मागच्या खेपेलाही ठणठणीत होती.

आता नाही म्हटलं तर हा बाहेर जाऊन सगळ्यांना सांगणार. बाहेरचे सगळे तेच विचारणार. उद्या सर येणार. एका दाढेत काय मोठंसं, बत्तीसातली एक. हे गणित ती गेले कित्येक दिवस सोडवत आली होती. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं, कारण त्यातली एक बाजू हप्त्यानं धरून ठेवलेली असायची. आज तिथं काहीच नव्हतं. तिला मोकळं वगैरे वाटलं नाही. उलट लाज वाटली. आता सांगायला सबब उरली नव्हती.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. ते वाक्य तोंडात परक्यासारखं वाटलं. "घरी जा."

बसचालकानं तोंड मिटलं. "मग मागच्या खेपेला काय झालं होतं?"

"तेव्हाही काही झालेलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

"चुकून?"

"नाही."

तो उठला. गळ्यातला कागदी रुमाल सोडवून त्यानं नीट घडी करून ठेवला. तिला वाटलं, आता आभार मानेल, किंवा निदान शिवी देईल. त्यानं दोन्ही केलं नाही. पाकीट मारून परत आणून देणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

दुपारपर्यंत तिनं ते वाक्य इतक्यांदा म्हटलं की ते पुन्हा तिचं झालं.

दुसऱ्या दिवशी सर आले ते गालावर हात ठेवून. सोनेरी चौकटीसमोर ते थोडा वेळ उभे राहिले. काउंटरवरच्या बाईंनी उगाचच फोन उचलून कानाला लावला. थोरल्या मॅडम आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सरांनी धाकटीला मागच्या खोलीत बोलावलं आणि आतून कडी घातली.

तिनं राजीनाम्याचा कागद कोटाच्या खिशात ठेवला होता. काढून टाकण्याआधी आपण जायचं, एवढं तिनं रात्री ठरवलं होतं.

"दाखल्याचं मागाहून बघू," सर म्हणाले. कोट काढून ते पेशंटच्या खुर्चीत बसले. बसता येईना. इतकी वर्षं त्या खुर्चीशेजारी उभं राहून त्यांनी लोकांना आडवं केलं होतं, पण स्वतःचं डोकं कुठं टेकायचं हे त्यांना सापडत नव्हतं. "आधी हे बघ. वरची डावी. चावताना कळ येते. सकाळी जास्त."

"तुमचे मित्र?"

"त्यानं दवाखाना बंद केला. मुलीकडे राहायला गेला." त्यांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. "खरं सांगायचं हं. जे असेल ते."

ही विनवणी होती. तिला ती ओळखायला क्षणभर वेळ लागला, कारण आजवर ती पेशंटांच्याच तोंडून ऐकू यायची आणि सर ती ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तिनं सावकाश तपासलं. घाई करायचं कारण नव्हतं. दाढांचे माथे घासून सपाट झाले होते, सुळ्यांची टोकं बोथट. जिभेच्या कडेला दातांचे ठसे. जबड्याचा स्नायू बोटाखाली दोरखंडासारखा लागत होता. दाढ आतून जिवंत होती, मुळाशी काही नव्हतं, हिरडी घट्ट होती.

"सर, तुम्ही झोपेत दात खाता."

"मी?"

"कुणी सांगितलं नाही?"

"मी वेगळ्या खोलीत झोपतो," सर म्हणाले.

"रात्री दातांवर घालायला एक पट्टी करून घ्या. बाकी काही झालेलं नाही. घरी जा."

सरांनी डोळे मिटले. खांदे खाली आले, चेहऱ्यावरचा ताण एकेक करून सुटत गेला. दुसरा एक्स-रे नको, 'नक्की ना?' नको. त्यांनी तिचं म्हणणं तिथल्या तिथं गिळलं, लहान मूल औषध गिळतं तसं.

आणि तेवढ्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणूस लोभी असेल, आंधळा असेल, आपण काय करतो हे त्याला कळत नसेल, अशी पळवाट तिनं आतापर्यंत त्याच्यासाठी मनात राखून ठेवली होती. आता दिसलं की त्याला सगळं कळत होतं. कुणाच्या शब्दाला किती किंमत द्यायची याचा हिशोब त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून चोख होता. मुलाखतीतच तो विचारून घ्यायचा.

"थोरल्या मॅडमना दाखवलं होतंत?" तिनं हातमोजे काढत विचारलं.

"परवा. रूट कॅनल आणि कॅप म्हणाली. शेजारच्या दाढेलाही कॅप." सर गालावरून हात फिरवत होते. "स्क्रीनवर गोल काढून दाखवले. माझ्याच स्क्रीनवर."

"मग करून नाही घेतलंत?"

सर हसले. मोकळं, निरागस हसू होतं. "अगं, तिचे हप्ते चालू आहेत अजून."

धाकटीनं काढलेले हातमोजे डब्यात टाकले. तेही त्यांना होकारासारखं वाटलं असावं. ते उठून बसले आणि खुर्चीची उंची हातानं वाढवून पुन्हा मालक झाले.

"हे बघ, तू राहा. पगार वाढवतो. ती चौकट तेवढी काढ, पेशंट बिथरतात. माझे दात, माझ्या घरच्यांचे दात, माझ्या मित्रांचे, सगळे तू बघायचे."

"आणि बाहेरच्यांचे?"

"बाहेरच्यांसाठी दुसरी नेमू."

"कर्ज असलेली?"

"अर्थात," सर म्हणाले. तिच्या प्रश्नात विचारण्यासारखं काय होतं, तेच त्यांना कळलं नाही. "कालच परिसंवादात दोघी भेटल्या. हुशार आहेत. वरच्या मजल्याचं शिक्षण आणि तळघराची परिस्थिती."

ते आपल्या वाक्यावर खूश झाले. पुढच्या वर्षी ते वाक्य ते स्टेजवर वापरणार, हे तिला लख्ख दिसलं, आणि लोक टाळ्या वाजवणार हेही.

तिनं खिशातला कागद काढून ट्रेमध्ये, वापरलेल्या आरशाशेजारी ठेवला. "हा राजीनामा. आणि सर, जाताना काउंटरवर तपासणीची फी भरा. पावती घ्या."

"माझ्याच क्लिनिकमध्ये?"

"पेशंट होतात," ती म्हणाली आणि तिनं कडी काढली.

बाहेरच्या खोलीत तिनं दोन्ही चौकटी भिंतीवरून उतरवल्या. काउंटरवरच्या बाईंनी त्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या आणि हळूच विचारलं, "सरांकडून खरंच फी घेऊ का, मॅडम?" "घ्या," ती म्हणाली. त्यांनी घेतली की नाही, हे तिला पुढे कधी कळलं नाही.

तिला सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. पगार निम्मा, रांग दुप्पट, स्क्रीन नाही. एवढ्या पगारात तिचं पूर्वीचं हप्त्याचं ओझं उचललं गेलं नसतं. मामा घरी येऊन म्हणाला, "एवढं कर्ज काढून शिकलीस ते ह्यासाठी?" बाबा म्हणाले, "कुठलं कर्ज?" आणि दोघं पुन्हा नव्यानं भांडायला बसले.

तिला मात्र या सगळ्यात फुशारकी मारण्यासारखं काही दिसत नव्हतं. बाबा-काकांची जागा विकली गेली नसती तर त्या सकाळी बसचालकाच्या दाढेवर ड्रिल चाललं असतं, हे तिला दाताच्या रचनेइतकं स्पष्ट ठाऊक होतं. ज्या दोघी हुशार मुली परिसंवादात सरांना भेटल्या, त्यांचे काका कुठं जागा घेऊन बसलेले होते?

एका सुट्टीच्या दुपारी ती बाबांच्या दुकानात बसली असताना थोरल्या मॅडम आल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या, हे काचेतून तिनं पाहिलं. आत येऊन त्यांनी पर्सचं अस्तर उसवलं, त्यातून घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद काढला आणि काउंटरवर उलगडला. तीच बँक, तोच मजकूर. तारीख मात्र बरीच जुनी. धाकटी क्लिनिकमध्ये लागण्याच्याही आधीची.

"मॅडम," ती म्हणाली, "हे तर कधीच फिटलंय."

"हळू बोल."

"इथं कोण ऐकतंय? आणि मग तुम्ही... इतकी वर्षं?"

"नवऱ्याच्या आजारपणात नोकरी सुटून चाललं नसतं. नंतर सवय झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला मी सरांसमोर सुस्कारा टाकते. फार छान टाकते, तू ऐकला आहेस." त्या हसल्या नाहीत. "तू गेलीस ते बरं केलंस. पण माझ्यासमोर शहाणपणा नको. तुला जागा विकणारा बाप होता."

"मी कुठं काही म्हणतेय?"

"बघण्यातून म्हणतेयस."

बाबा कागदाची लांबी-रुंदी मोजत होते. त्यांनी घड्यांवरून बोट फिरवलं आणि वाईट वाटल्यासारखं च्‌च्‌ केलं.

धाकटीला राहवेना. "एक विचारू? सरांच्या दाढेला काही झालेलं नव्हतं. तुम्हाला ते दिसलं नाही असं होणार नाही. रूट कॅनल का सांगितलंत? सवयीनं, की राग म्हणून?"

थोरल्या मॅडमनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिला आपण पुन्हा पहिल्या आठवड्यात चहाचा कप घेऊन उभ्या आहोत असं वाटलं.

"खरं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर माझं फिटलंय हे त्यांना तिथल्या तिथं कळलं असतं."

बाबांनी मोजमाप वहीत टिपून घेतलं.

"पट्टी सोनेरी ना?" बाबांनी विचारलं. "अशा कागदाला मी सोनेरीच लावतो. आणि कुठं लावणार ते सांगा, म्हणजे मागचा हूक तसा देतो."

"कपाटात," थोरल्या मॅडम म्हणाल्या. "आतून, दाराला."

बाबांनी पेन्सिल थांबवली, मुलीकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. आयुष्यभर त्यांनी भिंतीवर लावायच्याच चौकटी केल्या होत्या.

"काच साधी देऊ की न चमकणारी?" त्यांनी विचारलं. "न चमकणारी लांबूनही वाचता येते."

"साधीच द्या," त्या म्हणाल्या.